घोडा कुठून आला

बाइंडरने बावीस वर्षांत काही हजार पुस्तकं बांधली होती आणि त्यातलं एकही वाचलं नव्हतं. ही गोष्ट तो लपवत तर नसेच, उलट आल्यागेल्याला कौतुकाने सांगत असे. "आचारी चाखत बसला तर पाहुणे उपाशी राहतात," हे त्याचं ठरलेलं वाक्य. टेबलावर पुस्तक आलं की तो कणा सोलायचा, जुना दोरा काढायचा आणि फर्मे सुटे करायचा. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. अशा घड्या एकावर एक रचून शिवल्या की पुस्तक होतं. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर, अगदी तळाशी, मुंगीएवढा आकडा छापलेला असतो. एक, दोन, तीन असे आकडे ओळीने लागले की रचना बरोबर. आत राजा मरतो की राणी, याच्याशी बाइंडरला देणंघेणं नव्हतं. दोऱ्याला मेण, फर्म्याला दाभण, कण्याला खळ आणि वरून पुठ्ठा, एवढ्यात त्याचं जग मावत होतं.

"बावीस वर्षं. एक तक्रार नाही," हे तो इतक्यांदा म्हणे, की पोस्टात खिडकीवर बसणाऱ्या त्याच्या बायकोला ते ऐकू येणं केव्हाच बंद झालं होतं.

त्यांची मुलगी सातवीत गेली होती. सगळे तिला टाचणी म्हणत. अंगाने तशी होतीच, आणि बोलताना टोकही लागायचं. शाळेतून आली की ती कामाच्या खोलीतच असे, कारण राहायच्या दोन खोल्यांत जायची वाट कामाच्या खोलीतूनच होती. सात वर्षांची असल्यापासून तिला मेण लावलेला दोरा ओवता येत होता. वाचण्याच्या बाबतीत मात्र ती बापावर गेली नव्हती. पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर पाय वर घेऊन बसायची आणि बांधायला आलेलं जे हाती लागेल ते वाचायची, कायद्याचं पुस्तक असो की मधमाश्यांचं.

तिच्या शाळेत ग्रंथालयाच्या बाईंचा एक उपक्रम होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्रंथालयातलं एक पुस्तक वाचायचं आणि शाळा उघडली की त्याला उत्तर द्यायचं. 'सारांश चालणार नाही' असं बाईंनी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. पुस्तकातल्या माणसाला पत्र लिहा, त्याच्या खिशात काय असेल ते डबीत भरून आणा, नकाशा काढा, लेखकाने न लिहिलेलं प्रकरण लिहा, काहीही करा, पण उत्तर द्या. सुट्टीत ग्रंथालय आठवड्यातून एकदा उघडे, त्यामुळे एकेक पुस्तक पाच-सहा जणांच्या हाती फिरे. कल्पना नामी होती. प्रत्यक्षात सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात स्टेशनरीच्या दुकानातला थर्माकोल संपायचा. आया कापायच्या, बाप चिकटवायचे आणि मुलं बाजूला बसून 'खिडकी वाकडी झाली' म्हणून देखरेख करायची. बाई प्रत्येक उत्तराला सोनेरी चांदणी लावत आणि भिंतीवर टांगत.

या उत्तरांतूनच दर वर्षी सातवीतल्या एकाची निवड होई आणि त्याला ग्रंथालयाच्या कपाटांची किल्ली मिळे. वर्षभर किल्ली त्याच्याकडे, मधल्या सुट्टीत कपाटं उघडणार तो. टाचणीला पाचवीपासून ती किल्ली हवी होती. बापाच्या मेणाच्या दोऱ्याची तिपेडी वेणी घालून तिने किल्लीसाठी गोफसुद्धा करून ठेवला होता. दोन वर्षं तो दप्तराच्या खिळ्यावर रिकामाच लटकत होता.

त्या सुट्टीत तिने दीपगृहाची गोष्ट आणली. पुस्तक जुनं होतं, पण बांधणी बापाची, दोनच वर्षांपूर्वीची. एका भर दुपारी बाइंडर घामाघूम होऊन फर्मे लावत बसला होता. डोक्यावर पंखा होता, पण सुटी पानं उडतात म्हणून उन्हाळाभर तो बंदच असे. टाचणी पुठ्ठ्यांवरून उतरली आणि टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

"बाबा, फर्मे लावताना तुम्ही वाचून बघता का?"

"आकडा बघतो. वाचायचंय काय त्यात?"

"आणि सारखी दिसणारी दोन पुस्तकं एकदम आली तर?"

"तरी आकडाच. बावीस वर्षं झाली. एक तक्रार दाखव."

"हं," म्हणून टाचणी परत गठ्ठ्यावर जाऊन बसली. बाइंडरला वाटलं, पोरीला धंद्यात गोडी वाटायला लागली. संध्याकाळी त्याने बायकोला तसं सांगितलंही.

शाळा सोमवारी उघडली. बुधवारी बाईंनी बाइंडरला बोलावलं.

ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची लांबट खोली, पाच लोखंडी कपाटं आणि एक मोठं टेबल. बाइंडरला ती पाठ होती, कारण दर उन्हाळ्यात फाटक्या पुस्तकांच्या पेट्या तो इथूनच उचलायचा. पण गिऱ्हाइकाकडे जाणं वेगळं आणि पालक म्हणून जाणं वेगळं. टाचणी आधीच टेबलाशी उभी होती, नजर खाली. टेबलावर दीपगृहाचं पुस्तक होतं आणि शेजारी हाताने शिवलेली एक लहानशी सोळा पानी वही.

"बसा, काका," बाई म्हणाल्या. केस पांढरे झालेल्या, शांत बोलणाऱ्या बाई. मुलं त्यांना घाबरायची ती त्या ओरडत नाहीत म्हणूनच. "तुमच्या मुलीचं अक्षर छान आहे, लिहितेही छान. पण हिने पुस्तक वाचलेलं नाही."

"ती तर सुट्टीभर..."

"हे बघा." बाईंनी वही उघडली. "हिने लिहिलंय, 'पुस्तकाच्या शेवटी दीपगृहाखाली घोडा उभा आहे. तो कुठून आला ते पुस्तकात नाही, म्हणून ते मधलं प्रकरण मी लिहिते.' काका, हे पुस्तक मी हिच्याएवढी असताना पाच वेळा वाचलंय. समुद्रातलं खडकावरचं दीपगृह, राखणदार तापाने फणफणलेला, आई बोटीने औषध आणायला गेलेली, आणि दोघी बहिणी तीन रात्री दिवा सांभाळतात. यात घोडा नाही. कुठेच नाही."

बाइंडरने मुलीकडे पाहिलं.

"मी विचारलं, वाचलंस का? म्हणाली, वाचलं. मी विचारलं, मग घोडा कुठून आला? तर तोंडाला कुलूप. काल विचारलं, आज विचारलं." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वाचलं नाही तर नाही. पण न वाचता वाचलं म्हणते, याचं वाईट वाटतं. यंदा किल्ली हिलाच द्यायची असं माझ्या मनात होतं. शुक्रवारी नाव सांगायचंय. आता कशी देऊ?"

हातांना काहीतरी हवं म्हणून बाइंडरने समोरचं पुस्तक उचललं आणि सवयीने कणा दाबून पाहिला. घट्ट होता. मग तितक्याच सवयीने तो शेवटच्या फर्म्यावर आला. तळाशी आकडा आठ. बरोबर. त्याने एकशे बाराव्या पानावरची शेवटची ओळ वाचली, मग एकशे तेराव्यावरची पहिली. 'थोरलीने दिवा पेटवला आणि वाकून खाली पाहिलं, तर' असं डावीकडचं पान संपत होतं. उजवीकडचं सुरू होत होतं, 'घोडा अजून उभाच होता.'

त्याने पुन्हा वाचलं. घोडा होता. त्याच्या पुढच्या ओळीत जनावरांचे एक डॉक्टर होते आणि बादलीभर कोमट पाणी.

दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा त्याला आठवला. एकाच मालेतली दोन पुस्तकं एकाच पेटीतून आली होती. आकार एक, कागद एक, टाइप एक, दोन्ही आठ-आठ फर्म्यांची. दोन्ही एकदम सोडवून त्याने टेबलावर शेजारी शेजारी मांडली होती. दोन आठ होते. इकडचा तिकडे गेला तरी पानांचे आकडे चुकणार नव्हते, फर्म्याचा आकडा चुकणार नव्हता. चुकणार होती फक्त गोष्ट, आणि ती बघायची नाही असा त्याचा नेम होता.

त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तोंड उघडून खरं सांगायची हीच वेळ होती, हे त्याला कळत होतं. पण बावीस वर्षांचा दिमाख आडवा आला.

"हे एक दिवस घरी नेऊ का?" एवढंच तो म्हणाला. "बघतो."

बाईंनी मान डोलावली. घरी जाताना टाचणी वर्गातल्या नव्या बाकांबद्दल बोलत राहिली. बाइंडर हं-हं करत चालला. आपण भित्रे आहोत हे माणसाला कळतं तेव्हा ते बहुतेक रस्त्यातच कळतं.

घरी आल्यावर त्याने टेबलावरचं काम बाजूला सारलं आणि दीपगृहाचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. वाचायची सवय नसल्यामुळे तो ओळीखाली बोट धरत होता. बायको पोस्टातून आली, तिने दारातूनच पाहिलं आणि पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली. "बरं आहे ना तुम्हाला?" तिने विचारलं. त्याने हात करून तिला थांबवलं. धाकटीने तेलाचा डबा सांडला होता आणि दिवा विझायला आला होता.

सात फर्मे संपायला दिवेलागण झाली. आठव्यात घोडा आलाच. बाइंडरने तो नेटाने वाचला, पण त्याचं लक्ष लागेना. डॉक्टर भला माणूस होता, घोडाही गुणी होता, पण इकडे आई समुद्रावर होती.

"टाचणे," त्याने हाक मारली. "आई परत येते का?"

टाचणी आतून आली. "मला कुठे माहीत? ती पानं दुसऱ्या पुस्तकात गेलीत."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. बाइंडरने पुस्तक मिटलं.

"कुठल्या दुसऱ्या?"

"जनावरांच्या डॉक्टरच्या असणार. वकिलांची मुलगी आहे ना वर्गात, तिने त्याचं उत्तर आणलंय, थर्माकोलचा दवाखाना. त्यात घोडा आहे."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"सुट्टीतच. दोरा तुमचा होता, गाठ तुमची होती."

"मग बाईंना सांगायचं नाही?"

"त्यांनी विचारलं, घोडा कुठून आला," टाचणी म्हणाली. "काय सांगणार? आमच्या बाबांकडून आला?"

बाइंडरची बायको इतका वेळ भाजी निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "तरीच म्हटलं, घोडं कुठे पेंड खातंय."

कोणी हसलं नाही. बाइंडरने विचारलं, "आणि ते प्रकरण कशाला लिहिलंस? नकाशा काढायचा, पत्र लिहायचं. कोणाला पत्ता लागला नसता."

टाचणीने खांदे उडवले. "पुस्तक तिथे तुटलं होतं. जोडायला नको?"

त्याला तिचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग भरून आलं. त्याने उठून पंखा लावला. टेबलावरची सुटी पानं खोलीभर उडाली आणि तिघंही ती गोळा करायला लागली.

गुरुवारी शाळा भरायच्या आधीच तो जिन्याखालच्या खोलीत हजर होता. बसा म्हणायच्या आत त्याने सांगून टाकलं. चूक मुलीची नाही, माझी आहे, जनावरांच्या डॉक्टरचा फर्मा मी यात शिवलाय. तिने पुस्तक वाचलंय. मीच काल गप्प बसलो. बाईंनी एकशे बारावं पान पाहिलं, एकशे तेरावं पाहिलं, आणि त्या तिसऱ्या कपाटाकडे गेल्या.

जनावरांच्या डॉक्टरचं पुस्तक खालच्या कप्प्यात होतं. बाईंनी ते उभ्यानेच उघडून मोठ्याने वाचलं. "'डॉक्टरांनी घोड्याच्या पोटाला कान लावला आणि'," त्यांनी नजर उजव्या पानावर नेली, "'दूरवर आईच्या बोटीचा कंदील दिसला.'"

भिंतीशी वकिलांच्या मुलीचा दवाखाना होता, झकास केलेला, खिडक्या सरळ, दारात कापसाच्या शेपटीचा घोडा. वर पाटी होती, 'आणि शेवटी घोडा बरा झाला.' पाटीखाली सोनेरी चांदणी होती.

बाईंनी पुस्तकाच्या मागच्या पाकिटातलं कार्ड काढलं. मग दुसऱ्या पुस्तकातलं काढलं. बांधून आल्यापासूनच्या तारखांवरून त्या एकेक नाव वाचत गेल्या. डॉक्टर अकरा जणांनी नेला होता. दीपगृह टाचणीच्या आधी नऊ जणांनी. वीसच्या वीस मुलांनी उत्तरं दिली होती. कोणी पत्र, कोणी नकाशा, एकाने तर दिवा लागणारं दीपगृह केलं होतं, सेलवर चालणारं. एकाच्याही उत्तरात नको तो घोडा नव्हता की नको तो कंदील नव्हता.

"यातल्या चौघांची चित्रं अजून माझ्या भिंतीवर आहेत," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. "मी सगळी उत्तरं बघितली हो. पुस्तक एकदाही उघडून बघितलं नाही. आणि जिने शेवटच्या पानापर्यंत वाचलं, तिला मी खोटी ठरवलं."

बाइंडर भिंतीवरच्या चांदण्या बघत होता. तक्रार नाही, तक्रार नाही म्हणून आपण बावीस वर्षं ज्याचा डंका पिटला, ते हे होतं. बांधणी चोख म्हणून तक्रार आली नव्हती असं नाही. पुस्तक तितक्या लांबवर कोणी उलगडलंच नव्हतं.

"यापुढची पेटी दुसऱ्या कोणाला द्यायची तर द्या," तो म्हणाला. "मी राग धरणार नाही."

"दुसऱ्याच्या घरात वाचणारं कोणी असेल याचा काय भरवसा?" बाईंनी दोन्ही पुस्तकं त्याच्यापुढे सरकवली, मग ती वही उचलून त्यावर ठेवली. "ही दोन्ही नीट करून आणा. आणि मागे ही पण शिवा. मी पुस्तकाला उत्तर मागते आणि मग ते उत्तर भिंतीवर टांगते. खरं तर त्याची जागा पुस्तकात असायला हवी."

शुक्रवारी सकाळी बाईंनी टाचणीचं नाव वाचलं. त्याआधी सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली, हेही सांगायला हवं.

शुक्रवारी संध्याकाळी बाइंडर दोन्ही पुस्तकं सोडवून बसला. या वेळी एक टेबलाच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला, मध्ये फूटपट्टी. दीपगृहाचा खरा आठवा फर्मा हातात आल्यावर सुई बाजूला ठेवून त्याने तो आधी वाचला. कंदील जवळ आला, बोट खडकाला लागली. दोघी बहिणी पायऱ्या उतरून धावत गेल्या. बोटीत नावाडी एकटाच होता. त्याच्या हातात औषधाची बाटली होती.

बाइंडरने पान उलटून मागे आणखी काही छापलंय का ते पाहिलं. छापलेल्या कागदाने आपल्याला असं काही करावं, हे त्याला या वयात नवीन होतं.

टाचणी शाळेतून आली तेव्हा किल्ली गोफात अडकवून तिच्या गळ्यात होती. दप्तर टाकायच्या आधीच तिने विचारलं, "आली का आई?"

आली म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठावर आलं. तिनेही त्याच्यासाठी इतके दिवस तोंड मिटून ठेवलंच होतं. पण त्याने फर्मा उचलून तिच्या हातात दिला.

"वाच."

ती पुठ्ठ्यांवर बसून वाचायला लागली. तो दोऱ्याला मेण लावत राहिला, पुरे झालं तरी लावत राहिला. शेवटचं पान संपल्यावर तिने फर्मा मांडीवर ठेवला आणि नाक पुसलं.

"बाटली तरी पोचली," ती म्हणाली.

"हो."

"माझ्यात आई येते. बोट पलीकडे फुटते, मग डॉक्टर तिला घोड्यावर बसवून ओहोटीच्या वाळूवरून आणतात. चुकलंच माझं. ते नका शिवू."

"बाईंनी सांगितलंय."

"पण आता या पुस्तकात घोडाच नाहीये. पुढच्या मुलांना वाटेल, हा कुठून आला."

"वाटू दे. विचारायला आलं कोणी, तर तेवढं तरी वाचलंय म्हणून समज."

त्याने आठवा फर्मा बसवला, मग त्यामागे तिची वही ठेवून कडा जुळवल्या. पेन्सिलला टोक काढलं आणि वहीच्या पहिल्या पानावर, अगदी तळाशी, मुंगीएवढा नऊ लिहिला. दाभण उचललं, आणि थांबला.

"सहाव्या पानावर दिवा थोरली पुसते म्हटलंयस," तो म्हणाला. "दिवा धाकटी पुसायची. थोरली वात बघायची."

टाचणीने मान वर केली. "तुम्ही वाचलंत माझं?"

"आकडा बघताना दिसलं," बाइंडर म्हणाला आणि खोडरबर तिच्याकडे सरकवला.